चार डब्यांचा बँड: सर्फोजी राजांपासून एस. पी. रोडपर्यंत



गेले काही भाग आपण सीमा, किल्ले आणि लढाया यांवर बोललो. आजचा विषय थोडा वेगळा आहे आणि त्याला कारण तुम्हीच आहात. व्हिडिओत माझ्या मागे चार काळे डबे दिसतात, त्यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. कुणाला वाटलं सर्व्हर आहे. एकानं लिहिलं, "कर्नलसाहेब अजून सिग्नल सेंटर चालवतात वाटतं." आमच्या सौभाग्यवतींचं मतही साधारण तेच आहे. "अहो, घर आहे की एक्स्चेंज?"

तर तो बँड आहे. पहिल्या डब्यात बासऱ्या आणि क्लॅरिनेट, दुसऱ्यात ट्रम्पेट आणि हॉर्न, तिसऱ्यात ट्रॉम्बोन आणि ट्युबा, चौथ्यात ड्रम आणि झांजा. कंपन्यांनी बदलून टाकलेले हे ऑफिसातले संगणक मी बंगळुरूच्या एस. पी. रोडवरून, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्यावरून, सेकंडहँड आणले. चौघांना एका स्विचला लॅन केबलनं जोडलं आणि माझा लॅपटॉप झाला बँडमास्तर. हे कशासाठी केलं ते सांगतोच, पण आधी इतिहास. चाळीस माणसांचं काम चार डब्यांवर कसं आलं, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी ऐकण्यासारखी आहे. तिची सुरुवात आपल्याच एका राजाच्या दरबारात होते.

बंगळुरू 1638 मध्ये विजापूरकरांच्या हाती आलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं, हे आपल्याला माहीत आहे. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे 1675 च्या सुमारास तंजावरला गेले आणि तिथं भोसल्यांची गादी स्थापन झाली. त्याच गादीवर 1798 मध्ये सर्फोजी राजे दुसरे बसले. वर्षभरात इंग्रजांनी तह करून राज्याचा कारभार काढून घेतला आणि राजांच्या हाती किल्ला तेवढा उरला. लढाई संपलेल्या या राजानं मग ग्रंथ जमवले, वैद्यक जमवलं, चित्रं जमवली आणि युरोपीय वाद्यांचा बँडही ठेवला. पाश्चात्त्य स्वरलेखनाची त्यांच्या संग्रहातली पुस्तकं आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. एका मराठी राजाच्या ग्रंथसंग्रहात मोडी कागदांच्या शेजारी पाच रेघांवरचं युरोपीय संगीत ठेवलेलं आहे, ही गोष्ट मला स्वतःला अजून थक्क करते.

यात एक मुद्दा लक्षात घ्या. वाद्यवृंद म्हणजे खर्च. तीस-चाळीस माणसांचा पगार, वाद्यं, गणवेश, शिकवणारा उस्ताद, आणि वाजवायला काही नसलं तरी रोजचा सराव. त्यामुळे जिथं खजिना तिथं बँड. म्हैसूरचंही तेच. तिथल्या राजवाड्यात कर्नाटक संगीताचा एक आणि इंग्रजी पद्धतीचा एक असे बँड होते. शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वडियार 1948 मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले. रिचर्ड स्ट्राउस या जर्मन संगीतकाराची शेवटची चार गीतं 22 मे 1950 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम सादर झाली, त्यामागेही म्हैसूरचं आर्थिक पाठबळ होतं. संस्थानं गेल्यावर हा भार उचलणारे दोनच उरले, एक फौज आणि दुसरा सिनेमा.

फौजेचं थोडक्यात सांगतो. जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं 1950 मध्ये पचमढीला लष्करी संगीताचं शिक्षण सुरू झालं. आमचे बँडमास्तर तिथं घडतात. खेड्यातून आलेला, आयुष्यात ओबो न पाहिलेला जवान तिथं स्वरलेखन वाचायला शिकतो आणि काही वर्षांनी चाळीस वाद्यांसाठी स्वतः लिहू लागतो.

सिनेमाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. मुंबईच्या जुन्या हिंदी गाण्यांतला तो भरगच्च व्हायोलिनचा ताफा कुठून आला? मोठ्या प्रमाणावर गोव्यातून. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. ही मुलं पोटासाठी मुंबईला आली आणि स्टुडिओत बसली. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यवृंद रचला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927 ते 2012) यांनी 1958 मध्ये मुंबईत भारतीय रागांवर आधारलेला सिम्फनी वाद्यवृंद उभा करून दाखवला; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. 'अमर अकबर अँथनी' (1977) मधल्या नायकाचं नाव गाण्यातून घरोघरी पोचलं, ते या गुरूंचंच नाव. शिष्य प्यारेलाल यांची ती गुरुदक्षिणा.

ताडदेवचा फिल्म सेंटर असो की वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, सगळे वादक एकाच वेळी वाजवत. अरेंजर रात्री जागून प्रत्येकाचा कागद हातानं लिहून काढी. शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनवाल्याचा गज घसरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग यंत्र आलं. त्याचा पूर्वज 1963 मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये तयार झालेला मेलोट्रॉन. पट्टी दाबली की तिच्याखालची टेपची फीत सरकायची आणि ध्वनिमुद्रित केलेला खऱ्या व्हायोलिनचा सूर ऐकू यायचा. जेमतेम आठ सेकंद. फीत संपली की सूर संपला. सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी 1979 मध्ये फेअरलाइट आणला आणि टेपच्या जागी संगणकाची मेमरी आली. त्याच 1979 मध्ये इथं बंगळुरूत जी. राज नारायण या बासरीवादक इंजिनियरनं इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. पुढे त्यांच्या रेडेल कंपनीचा तानपुरा आणि तबला किती घरांत पोचला, याला मोजदाद नाही. माझ्या बहिणीकडे साताऱ्यात अजून तो डबा आहे. वादक समोर नसताना त्याचं वाद्य हजर ठेवणं, ही कल्पना बंगळुरूला नवीन नाही. फरक एवढाच की तानपुऱ्याला कुणाशी जुळवून घ्यावं लागत नाही, बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवायचं असतं. वाद्यवृंदात प्रत्येकाला प्रत्येकाशी जुळवायचं असतं, आणि खरा प्रश्न तिथं सुरू होतो.

हा प्रश्न माझ्या खात्यातला. मी सिग्नल्सचा माणूस. दोन ठिकाणांत संदेश पोचायला किती वेळ लागतो, हे मोजण्यात नोकरी गेली.

वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून 1983 मध्ये मिडी नावाची भाषा ठरली. अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचं आणि जपानच्या रोलँडचं अशी दोन वाद्यं एका वायरनं जोडली आणि एक वाजवताच दुसरंही वाजलं. या वायरीतून आवाज जात नाही, हुकूम जातो: अमुक सूर, अमुक जोरात, आता. म्हणजे आमच्या भाषेत ऑर्डर. वेग सेकंदाला 31,250 बिट. एका सुराच्या हुकमाला 30 बिट लागतात, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. एक सूर असेल तर काहीच नाही. पण तीस वाद्यांनी एकदम सूर लावायचा असेल, तर हुकूम रांगेत उभे राहतात आणि तिसावा माणूस पहिल्याच्या 30 मिलिसेकंद मागून वाजवतो.

30 मिलिसेकंद म्हणजे किती? आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 30 मिलिसेकंदांत 10 मीटर. परेड ग्राउंडवर पुढच्या ट्रॉम्बोनला मागच्या ड्रमचा ठोका तेवढाच उशिरा ऐकू येतो. क्विक मार्चला मिनिटाला 120 पावलं, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. बँड मोठा असेल, पुढून मागे 34 मीटर असेल, तर ठोका पावलाच्या पाचव्या हिश्शानं मागे पडतो. म्हणून शहाणा बँडवाला लांबच्या आवाजावर चालत नाही. ड्रम मेजरच्या हातातल्या दंडावर नजर ठेवतो. विजय चौकातला बीटिंग रिट्रीट पुढच्या वेळी पाहाल तेव्हा तो दंड बघा. ते नुसतं शोभेचं काम नाही. सगळा बँड त्या घड्याळावर चालतो.

आपल्याकडे हे तंत्र दक्षिणेत लवकर आलं. इळैयराजा यांनी 1986 च्या 'पुन्नगै मन्नन' या तमिळ चित्रपटासाठी यामाहाच्या संगणकावर संगीत रचलं. बंगळुरूत तोवर शंकर नाग यांनी 'संकेत' हा ध्वनिमुद्रण स्टुडिओ उभा केला होता. त्याआधी कन्नड चित्रपटांना या कामासाठी मद्रास गाठावं लागे. हे तेच शंकर नाग, ज्यांचा चापेकर बंधूंवरच्या '22 जून 1897' या मराठी चित्रपटाच्या पटकथेत वाटा होता. मराठी रंगभूमीवर वावरलेला माणूस कन्नड सिनेमाचा लाडका झाला आणि 1990 मध्ये अपघातात गेला, वय अवघं 35.

आता डबे चार का, ते सांगतो. 1998 मध्ये अमेरिकेत गिगासॅम्पलर नावाचं सॉफ्टवेअर आलं. तोपर्यंत प्रत्येक सुराचं ध्वनिमुद्रण पूर्ण मेमरीत ठेवावं लागे. यानं सुराची नुसती सुरुवात मेमरीत ठेवली आणि उरलेला भाग ऐनवेळी हार्ड डिस्कवरून ओढला. आघाडीला थोडी तुकडी, बाकी कुमक मागून. 2000 मध्ये हर्ब टुक्मांडल या चेलोवादकानं व्हिएन्नात एक संस्था काढली आणि खास बांधलेल्या शांत दालनात वादकांना बसवून एकेक सूर मुद्रित करायला घेतला. हळू, जोरात, तोडून, ओढून, थरथरवून.

हिशेब करून पाहा. व्हायोलिनचे 45 सूर धरू. प्रत्येकाचे चार जोर, वाजवण्याच्या पाच तऱ्हा, आणि तोच सूर लागोपाठ आला तर यांत्रिक वाटू नये म्हणून प्रत्येकाच्या दोन प्रती. झाली 1,800 ध्वनिमुद्रणं. प्रत्येकाची सुरुवात 64 किलोबाइट धरली तरी एका वाद्याला 115 मेगाबाइट. अशी वीस वाद्यं म्हणजे 2.3 गिगाबाइट. आणि त्या काळच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला साधारणपणे 2 गिगाबाइटच मेमरी मिळायची, पैसे कितीही असले तरी.

म्हणून वाद्यवृंद वाटला गेला. तंतुवाद्यं एका संगणकावर, फुंकीची दुसऱ्यावर, पितळी तिसऱ्यावर. हॉलिवूडच्या स्टुडिओंत अशा संगणकांच्या रांगा लागल्या. सुरुवातीला प्रत्येकाला एक मिडी वायर आत आणि आवाजाची वायर बाहेर. डिजिटल वायरनं जोडायचं तर सगळ्यांचं घड्याळही एक करावं लागे, नाहीतर आवाजात टिकटिक येई. पुढे व्हिएन्नाच्याच मंडळींनी 2009-10 च्या सुमारास असं सॉफ्टवेअर आणलं की हुकूमही लॅन केबलमधून जातो आणि तयार आवाजही त्याच केबलमधून परत येतो. मुख्य संगणकाचं घड्याळ तेच सगळ्यांचं घड्याळ. ड्रम मेजरचा दंड केबलमध्ये गेला, असं म्हणा हवं तर.

आज 64 बिटांचा एकच दणकट संगणक हे सगळं पेलतो. या रांगांचा जोर पंधरा-एक वर्षं टिकला. काही संगीतकार अजून ठेवतात, कारण वाद्यं एकदा चढवली की दिवसभर तयार राहतात. माझं कारण साधं होतं. तेवढ्या ताकदीचा नवा संगणक मला परवडत नव्हता आणि एस. पी. रोडवर जुने डबे स्वस्त होते.

आणि घाई होती.

1989 मध्ये ज्या स्टेशनवर मी कॅप्टन होतो, तिथं एका पलटणीचे बँडमास्तर होते. पचमढीचे, सातारा जिल्ह्यातले, म्हणजे माझ्याच मुलखातले. त्यांनी पलटणीसाठी एक मार्च लिहिला होता. दोन-तीनदा सराव झाला, तोच पलटण फील्डला हलली. वाद्यं मागे राहिली, वादकांचे सुटे कागद कुठे गेले कुणास ठाऊक, आणि साहेब निवृत्त झाले. सुभेदारसाहेब आता बंगळुरूत मुलाकडे असतात. दोन वर्षांपूर्वी भेटले तेव्हा ट्रंकेतून मूळ स्वरलेखन काढून माझ्या हातात दिलं. 22 पानं, शाईचं अक्षर, कडा खाल्लेल्या. उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं, डावाही चालला होता. मागणी काही केली नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, हा पूर्ण असा मी कधी ऐकलाच नाही."

पहिला प्रयत्न मी वायफायवर केला. चाळीस वर्षं लाइन घातलेल्या माणसानं करू नये ती चूक. क्लॅरिनेट कधी वेळेवर, कधी रस्ता चुकल्यासारखे. हिशेब मांडला तेव्हा शहाणपण आलं. चार डब्यांतून मिळून 32 स्टिरिओ आवाज परत आणायचे, तर सेकंदाला सुमारे 90 मेगाबिट लागतात आणि तेही न अडखळता. मग गिगाबिटचा स्विच आणला, केबल टाकल्या, वायफाय बंद. आवाज 256 नमुन्यांच्या गठ्ठ्यांनी पाठवला, म्हणजे सहा मिलिसेकंदांहून थोडा कमी उशीर. ड्रमवाल्यापासून दोन मीटरवर उभं राहिल्यासारखं. 22 पानं एकेक सूर करून भरायला मला पाच महिने लागले. माझ्या संचात युफोनियम नव्हतं. तो भाग ट्रॉम्बोनला दिला आणि साहेबांना सांगितलं नाही.

ते आले, हेडफोनचा डावा कान लावला, डोळे मिटून साडेतीन मिनिटं ऐकलं. मला वाटलं, आता डोळे भरून येणार. कसलं काय! हेडफोन काढून विचारलं, "युफोनियम कुठाय?" आणि मग पेन्सिल मागितली.

"हे दुसरे क्लॅरिनेट बघा. बारा मापं सलग वाजवताहेत. माझी पोरं मेली असती." स्वतःच्याच स्वरलेखनावर त्यांनी श्वासाच्या खुणा करायला सुरुवात केली. 1989 मध्ये त्या कागदावर लिहिल्याच नव्हत्या, कारण प्रत्येक पोराला कुठं श्वास लागतो ते त्यांना पाठ होतं. एकाला दम्याची खोड होती, त्याच्यासाठी शेजाऱ्याला अर्धं माप आधी श्वास घ्यायला लावत, म्हणजे सूर तुटत नसे. कुणाचे दात पडले होते, कोण वरच्या सुराला घाबरायचा, सगळं सांगत गेले. मी डब्यांकडे तोंड करून बसलेलो आणि हे त्या कागदामागची माणसं एकेक करून हजर करत होते.

जाताना मी विचारलं, येत्या रेझिंग डेच्या जेवणाला हे रेकॉर्डिंग लावू का? जुने सगळे जमतात, आनंद होईल. ते म्हणाले, "नको साहेब. हे सँड मॉडेल झालं."

ज्यांनी फौजेत नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्ल्याआधी आम्ही वाळूवर टेकड्या, नाले, वाटा मांडतो आणि त्यावर योजना समजावतो. त्याशिवाय कुणी पुढे जात नाही, पण वाळूच्या टेकडीवर झेंडा लावून कुणी परतही येत नाही. सिनेमातही हल्ली हीच रीत आहे. अजय-अतुल यांनी 'सैराट' (2016) साठी लॉस एंजेलिसमध्ये खरा सिम्फनी वाद्यवृंद बसवला. असा एक दिवसही प्रचंड महाग असतो, म्हणून जगभर संगीतकार आधी यंत्रावर सगळं मांडून, चुका काढून मगच वादकांसमोर जातात. अर्थात बहुतेक ठिकाणी वाळूची टेकडीच खरी म्हणून विकली जाते, हेही खरं. मुंबईच्या स्टुडिओंतले ते व्हायोलिनचे ताफे 1990 नंतर विरत गेले ते गेलेच. 2006 मध्ये मुंबईच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा बरेचसे वादक परदेशातून आणावे लागले. ज्या शहरात एकेकाळी एका गाण्याला तीस व्हायोलिन बसत, त्या शहरात! माझ्या डब्यांवर मी कितीही खूश असलो तरी या हिशेबात ते कुठल्या बाजूला मांडायचे, हे मला कळतं.

मी साहेबांच्या श्वासाच्या खुणा संगणकावर भरल्या आणि मग वादकांचे सुटे कागद छापून घेतले. ओळखीनं एका रेजिमेंटल सेंटरच्या बँडकडे ते पोचवले. गेल्या डिसेंबरात सकाळच्या सरावात त्यांनी तो मार्च वाजवला. समारंभ नव्हता, साहेब खुर्चीवर पुढे बसलेले, डावा कान बँडकडे करून. मी नमुना म्हणून रेकॉर्डिंग पोरांना ऐकवायला निघालो होतो, तर त्यांनी हातानं थांबवलं. पहिल्यांदा वाजवताना तिसरे क्लॅरिनेट चुकले, सगळा बँड थांबला, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पार गेला.

युफोनियम होतं. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा वाजवत होता. मार्च संपल्यावर साहेबांनी त्याला जवळ बोलावलं आणि अकराव्या मापात श्वास कुठं घेतलास, ते विचारलं.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यांकडे वळू. जय हिंद.